चाराच्या अलीकडे रांगोळी नाही

चि. उकंडराव यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे गिरजाबाईचा, आशीर्वाद. (तुले एक बहीण आहे हे विसरला असशील, म्हणून नाव सांगितलं.) गुडघा कसा आहे? माझाही तसाच आहे. पत्र नात ललिताच्या हातचं आहे, बोल माझे आहेत. अक्षर आवडलं तर तिले शाबासकी दे, बोल लागले तर मले काही सांगू नको.

नातीसाठी तू शेलूबाजारचं स्थळ आणलं. मुलाची उंची सांगितली, ओलिताचं वावर सांगितलं, बैलाच्या शिंगाचा रंगही सांगितला. मुलगा शाळेत गणित शिकवते, एवढंच सांगाचं विसरला. त्यापायी काय झालं ते आता ऐक.

पाहुणे येणार त्या सकाळी सारवण झाल्यावर ललितानं अंगणात ठिपके मांडले. मी खूश. (मॅट्रिकच्या अभ्यासापायी तिनं महिनाभर रांगोळीले हात लावला नव्हता.) पण रेघ पाहिली तर डावीकडचे ठिपके सोडून चौथ्यापासूनच निघे. एक घर पुढे, एक वर. मग तीन घरं पुढे तेव्हा कुठं एक वर. मग पाच घरं पुढे तेव्हा. तू जेवून पाटावरून उठते, अगदी तशी. म्हटलं, बाई, ही अर्धीच काहून? ती म्हणे, आजी, हा आलेख आहे. संख्येतून चार वजा करायचे अन् उरलं त्याचं वर्गमूळ काढायचं. चाराच्या अलीकडे उणे उरते, त्याले मूळ नसते. अन् रेघ शून्याच्या खाली कधी उतरत नाही. म्हटलं, चांगल्या घरची दिसते.

ती वेणी घालाले आत गेली. आता अर्धी रांगोळी ठेवून पाहुण्याले या कसं म्हणावं? अपशकुन तो. मी अन् शेजारच्या आवडाबाईनं डावीकडे जोड दिली. मग खालून उघडं वाटे, म्हणून खालीही दिली. आडवा डमरू झाला. मुलाच्या बापानं बैलाच्या दमणीतून उतरल्या उतरल्या त्याले हात जोडले.

मुलगा, शालिग्राम, मात्र उकिडवा बसला अन् उपरण्यानं डमरू पुसाले लागला. डावं पुसलं, खालचं पुसलं, अन् दाराकडे पाहून विचारलं, हे चारापासूनच काहून? (मुलीले स्वैपाक येते का, हे अजून कोणी विचारलं नाही.) ललितानं आतूनच उत्तर दिलं. मग तो विचारे, उजवीकडे कुठवर जाते? ती म्हणे, तिकडे अंत नाही.

इथं घात झाला. शालिग्रामनं रांगोळीचा डबा उचलला अन् रेघ पुढे नेली. ललिता ठिपके सांगत बाहेर आली. रेघ तुळशीच्या बाजूनं फाटकात, फाटकातून गल्लीत, गल्लीतून आवडाबाईच्या वांग्यांत. ती म्हणे, चढ कमी कमी होते पण थांबत नाही. मी काठी घेऊन मागं. शेवटी डबा संपला म्हणून थांबले, नाहीतर पोहरादेवीले पोचले असते.

परत आलो तर बाप उभा. म्हणे, लग्नाआधी सून रस्त्यावर फिरते, हे आम्हाले चालणार नाही. पोहे तसेच ठेवून दमणी गेली. ललिता म्हणते, बरं झालं, त्या मास्तरचे ठिपके वाकडेच होते. मीही म्हणते, बरं झालं. तू मनाले लावून घेऊ नको.

तुझी, पुन्हा विसरशील ती,
गिरजाबाई

ता. क. ललिता पाण्याले गेली आहे. हे आवडाबाईच्या सुनेकडून लिहून घेऊन राह्यली. अंगण दोनदा सारवलं, पण फाटकापाशी शालिग्रामनं काढलेली वीतभर रेघ पोरगी सारवू देत नाही. तोही काल सायकलवर येऊन गेला. म्हणे, डबा द्यायचा राहिला होता. डबा आमचा होता, अन् कोपऱ्यातच होता.

पुन्हा ता. क. पत्र पोचताच जाऊन त्याच्या बापाले गोडीनं समजाव. सांग की पोरगी रस्त्यावर गेली तेव्हा आजी सोबत होती, अन् रेघ तुमच्याच पोरानं बाहेर नेली. अन् एक आधी कबूल करून घे, मग सुपारी फोड: लग्न मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर. त्याच्या अलीकडे काही निघत नाही. जमलं तर येताना तुझ्या शिरपूरच्या घरच्या ज्वारीच्या बिबड्या, त्या गोल पापड्या, आण. अख्ख्याच आण; अर्धी दिसली की मले जोड द्यायची खोड आहे.