लॅपटॉप उघडण्याआधी

श्रीवर्धन,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सलिल,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे सोडून. सुपारी उतरायला लागली, अंगणात पाय ठेवायला जागा नाही.

माझा फोन तू घेत नाहीस, मागच्या वेळी न्हावा शेव्याला तुझ्या खोलीवर आले तर दारातूनच परत पाठवलंस, म्हणून हे पत्र. पाकिटावर लाल पेनाने लिहिलंय तेच आधी ऐक: तुझ्याकडचा ऑफिसचा जुना लॅपटॉप इंटरनेटला जोडू नकोस.

बाबांच्या जमीन मोजणीच्या ऑफिसातला सर्व्हर अजून कोपऱ्यात घरघरतोय. लोकांच्या वाड्यांचे नकाशे परक्या कंपनीकडे ठेवायचे नाहीत हा बाबांचा हट्ट. आपण दोघांनी तो उभा केला, तू गेल्यावर मी एकटीने ओढला. रोजची प्रत काढणं तुझं काम होतं. त्या प्रतींची डिस्क कधीच भरली, नंतर प्रत निघालीच नाही. लाल सूचना यायची, मी ती बंद करायचे.

बाबा गेल्यावरही त्यांचं नाव रोज सर्व्हरच्या खात्यांच्या यादीत दिसायचं. मला सहन होईना. गेल्या आठवड्यात मी त्यांचं खातं काढून टाकलं. चार वर्षांपूर्वीच्या वादळानंतरचे सगळे नकाशे त्यांच्याच खात्यातून आपल्याला दिसत होते, हे मला ठाऊक नव्हतं रे. खात्याबरोबर सगळं गेलं.

बांधावरची झाडं वादळात पडली तेव्हा बाबांनी शेजारी-शेजारी समोर उभे करून हद्दी ठरवल्या होत्या, नकाशांवर सह्या घेतल्या होत्या. आता बाबांना भाऊ म्हणणारा वाडीवाला विठोबा रोज दारात येतो. "भाऊंनी दोघांच्या सह्या घेतल्या व्हत्या, त्या काढून दाखव. शेजारचा कुंपन सरकवतोय, माझ्याकडं कागद न्हाय." मी उद्या ये म्हणते. त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

बाबांशी भांडून गेलास तेव्हापासून तुझा लॅपटॉप सर्व्हरला लागलेला नाही. त्यात सगळे नकाशे असतील. पण जोडलास, तर सर्व्हरवर जे नाही ते तुझ्याकडचंही पुसलं जाईल. बंदच घेऊन ये. बाबांच्या दिवसांना आला नाहीस, त्यावर मी काही बोलणार नाही.

इथवर लिहून सर्व्हर बघायला उठले. त्याच्या नोंदीत दिसलं, आज दुपारी तू लॅपटॉप जोडलास. दोन वर्षांनी. बाबांचं काहीतरी बघावंसं वाटलं असेल. तुझ्या डोळ्यांदेखत रिकामा झाला असेल.

मी सर्व्हरची नुसती वायर काढून ठेवली असती तरी पुरलं असतं. सुचलंच नाही. तुला काय लिहू, कसं लिहू, यातच आठवडा घालवला.

आता तुला बोलवायला काही कारण उरलं नाही. तरी ये.

बाबांचं नाव आपल्या हाताने पुसलेली,
तुझी ताई
क्षिप्रा