तंबूच्या कापडाआडून

४ मे, सोमवार

या सहलीची खरी किंमत आज मांडली. गाडीचं भाडं, विमान, तंबूच्या जागा — ते सोडा, ते कागदावर आहे. खरी किंमत एकतीस 'पुढच्या वर्षी'. लग्न झाल्यापासून ही म्हणायची, समुद्र दाखवा. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. एकतीस वेळा! आज दाखवला. ही बघत राहिली. मग म्हणाली, "मोठा आहे." बस.

लेक गेली सहा वर्षं याच देशात नोकरीला. तिनेच आग्रह केला — किनाऱ्याकिनाऱ्याने दहा दिवस, रोज नवी जागा, तंबूत मुक्काम. मी म्हटलं, तंबू आपल्या कारखान्याचेच नेऊ. परक्याच्या कापडाखाली मी झोपणार नाही.

५ मे, मंगळवार

दोन तंबू. एकात मायलेकी, एकात मी एकटा — घोरतो म्हणून. जावई गाडीत झोपतो. त्याला खुंटी ठोकायला सांगितली तर दगडाची माफी मागितल्यासारखी ठोकतो. "बाबा, वाकडी गेली वाटतं." म्हटलं, जावईबापू, खुंटी बरोबर आहे, पृथ्वी वाकडी आहे! सगळे हसले. ही पण.

दुपारी फार ऊन. सगळे आडवे झाले. मी वही काढली. चौदाव्या वर्षी ताडपत्रीच्या दुकानात लागलो तेव्हा मालक म्हणायचा, बोल आणि लिही, म्हणजे चुकणार नाहीस. अक्षर असं शिकलो. अजून ओठ हलल्याशिवाय हात चालत नाही. पण आता नुसते ओठ, आवाज नाही.

तेवढ्यात शेजारच्या तंबूतून हिचा आवाज. आमचं कापड दुपदरी, त्यातून पाणी नाही, ऊन नाही, आवाज नाही. पण माझे कान! वीस मशिनी चालू असताना कुणाची सुई बोथट झालीय ते मी दारातून सांगतो. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं.

"मी त्यांच्याबरोबर परत जाणार नाही," ही लेकीला सांगत होती. "तुझ्याकडेच राहीन. माणूस वाईट नाही गं. पण मशिनीला तेल घातलं का, हे रोज विचारतात. मला कधी विचारलं, कशी आहेस?"



६ मे

भात खाल्ला. चव लागली नाही.

७ मे, गुरुवार

गाडी किनाऱ्याच्या कडेने. पुढे जावई आणि लेक, मागे आम्ही दोघं, मध्ये बर्फाची पेटी. ही पेटीवर हात ठेवून बसली होती. माझा हात तिच्या हातापासून चार बोटांच्या अंतरावर. पुढे नेला नाही.

दुपारी नवी जागा, झाडांची दाट सावली. तरी या बाईने खुर्ची उन्हात टाकली, माझ्या तंबूला अगदी पाठ लावून. माझं तोंड दिसू नये म्हणून दुसरं काय! एकतीस वर्षांनी माणूस उन्हात बसणं पत्करतो, पण नवऱ्याकडे तोंड करत नाही.

९ मे, शनिवार

आज ठरवून उठलो. सांगायचं. आंघोळीच्या रांगेत दोनदा घोकलं — जाऊ नकोस, तुझ्याशिवाय त्या घरात मी काय करू. ही चहा करत होती. जवळ गेलो. तिने वर बघितलं, अगदी थांबून.

म्हणालो, "साखर जास्त झालीय."

अजून कप हातातही घेतला नव्हता!

दोनशे कामगारांपुढे भाषण ठोकतो मी. सरकारी साहेबाला बोलण्यात गुंडाळतो. आणि इथे दातखीळ.

१० मे, रविवार

आजही उन्हात, पाठ लावून.

पहिला तंबू आम्ही दोघांनी शिवला. तेव्हा दोनच मशिनी. दुसरीवर ही. नऊ वर्षं बसली. मान धरली तरी बसली. मग कारागीर ठेवले आणि मी म्हटलं, तू आता आराम कर. मला वाटलं, राणी केली! तिची मशीन मी विकून टाकली, तिला न विचारता. त्या दिवशी ही जेवली नव्हती. मी विचारलंही नाही का. आत्ता लिहिताना आठवतंय. डोळ्यांत पाणी येतंय, अक्षर फिसकटतंय.

बाहेर खुर्ची करकरली.

१२ मे, मंगळवार

लेक बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आईशी काही बोलायचंय का तुम्हाला?"

म्हटलं, "गाडीत पेट्रोल आहे ना?"

ती बघत राहिली. म्हणाली, "धन्य आहे तुमची!"

१३ मे, बुधवार

शेवटचा मुक्काम. आता लिहूनच टाकतो, या वहीला तरी कळू दे. चुकलो. मशीन विकायला नको होती. तुला विचारायला हवं होतं. तू गेलीस तर त्या घरात मला हाक मारणारं कुणी नाही. राहा. हे एकदा तुझ्या तोंडावर म्हणता आलं तर कारखाना देईन कुणालाही.

कापडावर सावली पडली. हिची. दारापाशी उभी होती. मी लिहायचा थांबलो. ती हलली नाही. मला वाटलं, हाक मारेल. तिला काय वाटलं कोण जाणे. मग सावली गेली.

१४ मे, गुरुवार

विमानतळावर हिने सांगितलं. "अहो, मी इथेच राहते. काही दिवस नाही, राहतेच."

मी म्हणालो, "बरं."

तिने अजून थोडा वेळ बघितलं माझ्याकडे. मग माझ्या पिशवीची चेन लावून दिली.

१५ मे

घर. जिन्यापाशी तिच्या चपला.

१६ मे, शनिवार

लेकीचा फोन. "बाबा, आई विचारतेय, आज लिहिलंत का?"

"तिला काय माहीत मी लिहितो ते?"

"अहो, तुम्ही लिहिताना मोठ्याने बोलता! पहिल्या दिवसापासून आम्हाला सगळं ऐकू यायचं. त्यासाठीच तर ती उन्हात बसायची. म्हणते, वाटलं, आज तरी बाहेर येऊन सांगतील."

आमच्या कापडातून पाणी येत नाही. ऊन येत नाही. आवाज जातो.