ते आमचे नव्हेत

प्रिय झेटा,

तुझी टोपली सोमवारी सकाळीच पोचली. दोन नीरफणस, केळीच्या पानात बांधलेली धुरावलेली मासळी, कोकोच्या वड्या आणि वर तुझी चिठ्ठी, 'मिमी, तू होतीस म्हणून.' आज बुधवार. टोपली अजून माझ्या टेबलावर फायलींच्या शेजारी तशीच आहे. एक नीरफणस मऊ पडायला लागलाय, आणि मासळीच्या वासाने आमचे सचिव मिस्टर पास्कल दर तासाला येऊन खिडकी उघडून जातात. चेहरा असा करतात की जणू ती मासळी मीच धुरावली. मी टोपलीला हात लावलेला नाही. का, ते सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगू दे. सरळ मुद्द्यावर यायची अक्कल मला शाळेतही नव्हती, आणि मंत्री झाल्यावर तर उरलीसुरलीही गेली.

तुझा बॉनी जिवंत असल्याचं रविवारी दुपारी कळल्यावर आपल्या आन्स मारीनच्या किनाऱ्यावर अर्धा तास शंख फुंकत होते, असं ऐकलं. म्हातारी मा जोसेफ नातू सापडल्याच्या आनंदात चप्पल न घालता वाळूत नाचली म्हणे. तू बाहेर काढून ठेवलेला काळा पोशाख परत पेटीत टाकलास, हे तुझ्या बहिणीने मला फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि रडले. पण झेटा, बॉनी आणि त्याचे तिघे सोबती अजून समोरच्या देशात गजाआड आहेत. ते येत्या सोमवारी घरी येतात की सहा महिन्यांनी, हे परवा शुक्रवारी मी सभागृहात जे उत्तर वाचेन त्यावर ठरणार आहे. ते उत्तर आत्ता माझ्यापुढे आहे. दोन परिच्छेद, छान टाइप केलेले. सकाळपासून ते फाडून फेकावंसं वाटतंय.

तुला वाटतं मंत्री उभी राहते आणि मनात येईल ते बोलते. तसं नसतं गं. दर शुक्रवारी प्रश्न येतात आणि त्याआधी तीन दिवस खालच्या मजल्यावरची माणसं उत्तरं शिजवतात. परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांबद्दल कुणी विचारलं, की साचा ठरलेला. सरकारला या बाबीची जाणीव आहे. सरकार संबंधितांच्या संपर्कात आहे. मग पुरवणी प्रश्नांची निळी फाईल : कुणी असं विचारलं तर तसं सांगा, तसं विचारलं तर विषय बदला. चार वर्षांत मी एवढ्या वेळा 'संपर्कात आहे' म्हटलंय, की कधीकधी घरी मुलगी विचारते, 'आई, जेवण झालं का?' आणि माझ्या तोंडात तेच येतं. विरोधी बाकावरचे फाँतनेलसाहेब तर मी उभी राहायच्या आत ओठ हलवून दाखवतात, आणि त्यांच्या मागचे सगळे खिदळतात. अंगाचा तिळपापड होतो. पण चिडून उत्तर देता येत नाही, कारण चिडायचं कुठे तेही निळ्या फायलीत लिहिलेलं असतं.

गेल्या शुक्रवारचं तू स्वतःच ऐकलंस. तू येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले, वर पाहिलं आणि गॅलरीत तुझी निळी टोपी दिसली, चर्चला जायची. फाँतनेलसाहेबांनी विचारलं, 'अध्यक्ष महाराज, "देवाची मर्जी" ही होडी बेपत्ता होऊन आठ दिवस झाले. चार कोळ्यांचं काय झालं? मंत्रीबाई त्याच गावच्या आहेत, निदान गावाला तरी खरं सांगतील का?' मी वाचलं की कुटुंबीयांनी दिलेल्या नावांची कुणीही व्यक्ती शेजारी देशाच्या ताब्यात नाही, तशी खात्री करून घेतली आहे, आणि समुद्रातला शोध थांबवण्यात येत आहे. बाक वाजले. मी बसले आणि वर पाहिलं तर तुझी जागा रिकामी होती. तू जिना कसा उतरलीस, पावलं कशी टाकलीस, हे मला दिसलं नाही, पण तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही. 'खात्री करून घेतली आहे' हे वाक्य माझं होतं, झेटा. खालच्या मजल्याचं नाही. ते मी स्वतःच्या हाताने वाढवलं होतं.

आता ती यादी. होडी आली नाही त्या संध्याकाळी मी गावात आले होते, आठवतं ना? तू वहीचा कागद फाडलास आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पीठ बाजूला सारून चार नावं लिहिलीस. बॉनी जोसेफ. डकी. सोनी-बॉय, पुलाजवळचा. पापा तीत. मी कागद हातात घेतला आणि चौघेच्या चौघे माझ्यापुढे उभे राहिले. पापा तीतचा तुटका दात, सोनी-बॉयचं ते माकडासारखं हसणं, सगळं. मला यादी पुरी वाटली. शहरातल्या कुठल्याही कारकुनाने पहिल्याच नजरेला विचारलं असतं, की बाई, डकी हे काय नाव आहे? पण मी आपल्यातली. आपल्याकडे माणूस जन्मला की घरचं नाव चिकटतं, पुढे आजीचं किंवा पुलाचं नाव लागतं, आणि बाप्तिस्म्याचं नाव कागदावर पडून राहतं ते लग्नात आणि मयतीलाच बाहेर येतं. मी कागदाखाली सही करून तो पुढे धाडला. आणि मंत्र्यांनीच सही केलीय म्हटल्यावर मिस्टर पास्कल कशाला विचारतायत? त्यांनी 'डकी' सुद्धा मोठ्या अक्षरांत टाइप करून परदेशी पाठवलं.

रविवारी मी इथल्या मोठ्या चर्चमध्ये होते. फादरनी लग्न ठरलेल्यांची पुकार केली, बाप्तिस्म्याच्या नावांनी, कुणी युजिनियस क्लिओफस अमुकतमुक. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, हा कोण? मग मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, 'अगंबाई, हा तर आपला चंकी!' आणि अख्खं चर्च हसलं. मीही हसले. आणि हसता हसता अर्ध्यातच थांबले. तुझ्या लग्नाची पुकार आठवली. आपण दोघी तिसऱ्या बाकावर, आणि फादर वाचतायत, निकोडेमस अँब्रोज लाव्हिल. मी तुझ्या कानात म्हटलं होतं, 'हा कोण म्हातारा शोधलास?' तू मला कोपर मारलंस. एवढी हसले की फादरनी वाचन थांबवलं. झेटा, तुझी पाठराखीण मी होते. तुझ्या नवऱ्याचं, बॉनीचं, हे नाव मला माहीत होतं, मी त्यावर सगळ्यात मोठ्याने हसले होते, आणि तीस वर्षांत पार विसरले. मी प्रार्थना अर्धी टाकून पायरीवर आले आणि समोरच्या देशाच्या इथल्या राजदूतांना फोन लावला. 'हो,' ते म्हणाले, 'या नावाचा माणूस आहे. सुखरूप आहेत चौघे.' एवढंच तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही शंख फुंकलेत.

सोमवारी पंतप्रधानांनी बोलावलं. आधी पाठ थोपटली, किनाऱ्यावरच्या मतांचा हिशेब सांगितला, मग हा कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलंय, 'नातेवाईकांनी पुरवलेल्या चुकीच्या नावांमुळे विलंब झाला.' नातेवाईक म्हणजे तू. मी म्हटलं, हे मी वाचणार नाही. तर म्हणाले, 'अल्फोन्सिनबाई, यात खोटं काय आहे? नावं त्या बाईनेच दिली ना?' आणि खरंच, त्यात खोटं एक अक्षर नाही, याचाच मला संताप येतो. समोरच्या देशातल्या न्यायाधीशाने आपल्याला लेखी विचारलंय, की नावांचा घोळ कुणाचा? घरच्यांचा म्हटलं तर चौघांनी तिथे खोटी नावं सांगितली असं धरून ओळख लपवल्याचं कलम लागतं, सहा महिने आत. आपल्या सरकारचा म्हटलं तर सोमवारच्या बोटीने घरी. हे मी पंतप्रधानांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, 'सहा महिने म्हणजे काही फाशी नव्हे. जेवण मिळतं तिथे. निवडणूक तीन महिन्यांवर आलीय, आणि सरकार चुकलं हे मी माझ्या मंत्र्याच्या तोंडून ऐकणार नाही. ऐकलं तर ते तुमचं शेवटचं उत्तर.' मग दारापर्यंत सोडायला आले. फार सभ्य माणूस. मी गाडीत बसून ड्रायव्हरवर उगाच खेकसले, बिचाऱ्याने चुकून डाव्या बाजूचं दार उघडलं म्हणून.

आता जे लिहायचंय ते सकाळपासून चार कागदांवर लिहून फाडलंय. घोळ माझा म्हणजे फक्त यादी न तपासता पाठवली, एवढाच नाही. त्या शुक्रवारच्या आदल्या बुधवारी ते राजदूत माझ्या कचेरीत आले होते. म्हातारे गृहस्थ, टोपी हातात धरून बसतात. म्हणाले, 'बाईसाहेब, तुमच्या यादीतलं कुणी नाही आमच्याकडे. पण किनाऱ्यावर चार माणसं सापडलीत, होडी फुटलेली, जवळ कागदपत्रं नाहीत, म्हणून अटकेत आहेत. तुमच्या देशाचे आहोत म्हणतात. ही त्यांची नावं.' मला दुपारी सभागृहात जायचं होतं. मी कागदावर नजर फिरवली. निकोडेमस लाव्हिल, थिओफिलस एडवर्ड, आणखी दोन. चार परके. चार, झेटा! तुझ्या यादीत चार, त्यांच्या यादीत चार, आणि मी मोजायलासुद्धा थांबले नाही. मी म्हटलं, 'ते आमचे नव्हेत. इतर बेटांवरचे लोकही अडचणीत आले की आमचंच नाव सांगतात.' आणि तसं लिहून सही करून दिली. त्या कागदाच्या आधारावर त्यांना कुणाचेच नसलेले म्हणून मोठ्या तुरुंगात हलवलं. रविवारी फोनवर राजदूत मला म्हणाले, सांगू की नको अशा आवाजात, की त्यांच्यातला एक जण पहिल्या दिवसापासून पहारेकऱ्यांना सांगत होता, 'तुमच्या साहेबांना आमच्या मंत्रीबाईंना विचारायला लावा, ती मला ओळखते, माझ्या लग्नात नाचलीय.' आणि पहारेकरी हसायचे. त्यांनी खरंच विचारलं होतं गं, आणि मी नाही म्हटलं होतं. हे तू रेडिओवर, सगळ्या गावाबरोबर ऐकू नयेस म्हणून हे पत्र. शुक्रवारी अडीच वाजता मी तो टाइप केलेला कागद वाचणार नाही. अध्यक्ष महाराज, चूक सर्वस्वी माझी, असं म्हणेन, बुधवारचंही सांगेन, आणि सभागृहाच्या नोंदीची प्रत त्याच संध्याकाळी त्या न्यायाधीशाकडे जाईल, तसं राजदूतांशी ठरलंय. त्या नोंदीत माझं नाव अल्फोन्सिन देतर्व्हिल असेल, आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना कळणारही नाही की ही कोण. मला माफ कर असं लिहायला धीर होत नाही. टोपली हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवते आहे, मासळीला मी हात लावलेला नाही. सोमवारी बॉनी बोटीतून उतरला की आधी त्याला सांग, की त्याला ओळखत नाही असं मी म्हटलं होतं. मग तो जे म्हणेल ते मला कळव, आणि त्यानंतरही पाठवावीशी वाटली, तरच टोपली पुन्हा पाठव.

तुझीच, तू ठेवलीस तर,
मिमी