मेवेजातमधला ‘ज’

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या फारसी व्याकरणाची प्रुफं तपासून पाठवतेय. अरबांचा अनेकवचनी ‘आत’ फारसीनं उसना घेतला आणि आपल्या घरच्या शब्दांनाही जोडला, ‘देह’ म्हणजे गाव, त्याचं ‘देहात’, इथवर पटलं. पण ‘मेवे’ म्हणजे फळ, त्याचं ‘मेवेजात’? मधेच हा ‘ज’ कुठून उपटला? छापखान्याची चूक समजून सगळीकडे खोडलाय.

सुट्टीत ये म्हणता. नको. पुन्हा लग्न केलंत, माझी ना नाही. पण आईच्या स्वयंपाकघरात त्या वावरताना मला बघवणार नाही. रागावू नका. गुडघ्याला तेल चोळता, की नुसतं बाटलीकडे बघता?

लोभ असू द्या, माझ्या हट्टासकट.

तुमची,
ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, तू खोडलेले सगळे ‘ज’ पुन्हा बसवतोय! तो उपरा नाही. फार पूर्वी त्या शब्दाच्या शेवटी ‘ग’ होता. अरबांच्या तोंडी ‘ग’ बसेना, त्यांनी ‘ज’ केला. पुढे फारसी आपला ‘ग’ साफ विसरली. अरबी वळणाच्या रूपात तेवढी त्याची खूण राहिली.

परवा कुलूप लावताना हिनं विचारलं, की किल्लुटली कुठे ठेवलीत. मी पायरीवर बसलोच. तुझी आई बशीला बशुटली, उशीला उशुटली म्हणायची, आठवतं? मी विसरलो होतो गं. ही ओशाळली. म्हणाली, टेलिफोन ऑफिसात बारा वर्षं दोघी शेजारी बसत होतो, तिच्यामुळे लागलेली सवय. मी रडलो, त्याची लाज नाही.

ये म्हणून गळ घालत नाही. तेल रोज चोळतो, ही सोडत नाही.

माया आहे तशीच आहे.

तुझा,
बाबा

२० फेब्रुवारी

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना नाही, तुम्हाला आहे. काय म्हणून हाक मारावी ते सुचेना, तीन कागद फाडले. मावशी चालेल?

बाबांचं पत्र वाचून मी एकटीच मोठ्यानं उशुटली, बशुटली म्हणून पाहिलं. आईचा आवाज काही आठवला नाही.

ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. माझ्याकडे सकाळची आणि संध्याकाळची आई आहे, दहा ते पाचची नाही. ती कशावर हसायची, कुणाशी भांडायची, माझ्याबद्दल काय सांगायची? बाबांनाही ठाऊक नाही. ती आई फक्त तुमच्याकडे आहे.

शनिवारी येते. बाबांना फिरायला धाडा, आपण दोघीच बसू. सांगाल ना?

तुमची,
ठमी