न बोलावलेली साक्षीदार

४ ऑगस्ट

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या तमाम मुक्या पात्रांनो! तुमच्या वाट्याला एकही वाक्य आलेलं नाही. नाटककाराने तुम्हाला जन्म दिला आणि जीभ द्यायला तो विसरला. टाळ्या दुसरे घेतात, पाय तुमचे दुखतात. किती दिवस सोसणार आहात?

तुझं पत्र वाचल्याबरोबर हे भाषण माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं. सवय जात नाही. आयुष्यभर कारखान्यांच्या फाटकांवर स्टुलावर चढून बोलले, आता मनातल्या मनात बोलायलाही मला समोर गर्दी लागते. पण पुढे तू जे लिहिलंयस ते वाचलं आणि स्टुलावरून खाली उतरले.

घरात कुणाला तोंड उघडू न देणारी आमची टकळी नाट्यशाळेत जाते काय, आणि पहिल्याच नाटकात तिला मुकी भूमिका मिळते काय! तुझ्या बाबाला सांगितलं तर तो हसून हसून चष्मा पुसत बसला. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला स्वतःची काच कधी स्वच्छ ठेवता येत नाही, हा भाग वेगळा. पण म्हणून शाळा सोडून परत येते म्हणतेस? ऊ झाली म्हणून कुणी डोकं कापत नाही, बाळ. कोर्टात उभी असलेली आणि शेवटपर्यंत कुणीच न बोलावलेली साक्षीदार, ही काय लहान भूमिका आहे? जगातली निम्मी माणसं तीच भूमिका करत मरतात.

माझी काळजी करू नकोस. घशाच्या ऑपरेशनची जखम भरली. आवाज परत यावा म्हणून व्यायाम दिलेत, ते चालू आहेत. ते शिकवायला मास्तरीणबाई येतात, मी आ आणि ऊ करते. फोन मात्र करू नकोस, ऑपरेशनपासून कानांना दडे बसलेत, त्यावर मला नीट ऐकू येत नाही.

तुमच्या धंद्यातले शब्द मला शिकव. नाटकं वाचून कपाट भरलं, पण पडद्यामागची भाषा मला येत नाही. आणि तू कुठे उभी असतेस ते कळव, त्याच बाजूचं तिकीट काढते. प्रयोगाला मी येणार.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
तुझी,
आत्या


१३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून सामान बांधलेलं सोडलं. पण रागातच सोडलं, हे नोंदवून ठेव.

आता धडा. प्रेक्षकांजवळचा रंगमंच तो डाउनस्टेज, मागचा तो अपस्टेज. पूर्वी मंचाची जमीन मागे चढत जायची, म्हणून मागे जाणं म्हणजे वर जाणं. आता जमीन सपाट झाली, शब्द तेवढा अजून चढावर आहे. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेली भिंत. लांबून अगदी दगडी वाटते, शिंकलं तर हलते. ब्लॉकिंग म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कधी हलायचं ते ठरवणं. त्यासाठी तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारल्यात. वकिलांच्या पट्ट्या सगळीकडे आहेत, जणू पोरांनी सांडलेले रंग. माझी एकच, पिवळी. क्यू म्हणजे समोरच्याचं ते शेवटचं वाक्य, जे ऐकून आपण आपलं बोलायचं. मला वाक्यच नाही, त्यामुळे क्यूही नाही. आणि बेअरिंग म्हणजे अंगात घेतलेलं पात्र. जांभई दिली की ते सुटतं.

मी दिली. परवा, दुसऱ्या अंकाच्या तालमीत. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं आणि वकील आत्ता काय म्हणाला ते मला विचारलं. मला सांगता येईना. ते म्हणाले, की मग तू उभी नव्हतीस, तुला ठेवलं होतं, कपाटासारखं. सगळे हसले. नंतर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, की पुढच्या क्षणी आपल्या नावाचा पुकारा होणार आहे असं समजून प्रत्येक वाक्य ऐकायचं. तो होत नाही, हे प्रेक्षकांना कळलं पाहिजे. साक्षीदाराला कळता कामा नये.

तेव्हापासून मी ऐकते आहे. इतकं, की त्याची सवयच लागली. वसतिगृहात माझ्या खोलीतली दुसरी मुलगी घरी निघून गेली. तिच्या पलंगावर नुसती गुंडाळलेली गादी आहे. संध्याकाळी खिडकीशी बसलं की सगळ्या मजल्यांवरची दारं ऐकू येतात, आपलं दार सोडून. काही दिवस तर मी फक्त एक चहा, एवढंच बोलते, तेही उपाहारगृहातल्या माणसाला. मग तुला फोन करते. तुझ्याकडे तो वाजत राहतो. ऐकू येत नाही म्हणतेस ते ठीक, पण वाजलेला तरी कळत असेल ना?

मी पूर्ण दुसरा अंक डावीकडे, मागे, दाराच्या फ्लॅटजवळ असते. तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला बस. मला एक तरी ओळखीचा चेहरा दिसेल.

माझ्यावरचा लोभ व्यायामासारखा रोज थोडा करत जा.
तुझी,
टकळी


२ सप्टेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून लिहायला बसलो. मला तुझ्या आत्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा सरळ सांगतो. ताई व्यायाम करत नाही. मास्तरीणबाईंना तिने दुसऱ्याच दिवशी दारातून परत पाठवलं. डॉक्टर म्हणतात आवाज येईल, घोगरा येईल, पण येईल. न वापरला तर मात्र बसून जाईल. तिला घोगरा नको आहे. तिला तोच पाहिजे, फाटकावरून रस्त्याच्या पलीकडे जाणारा.

सुरुवातीला वाण्याकडे चिठ्ठी घेऊन जायची. तिथल्या नव्या नोकराने तिला बहिरी समजून कानाशी ओरडून भाव सांगितला. रांगेतली माणसं हसली. त्यानंतर ती गेलेलीच नाही. सामान मी पोचवतो. गेल्या आठवड्यात कारखान्यातली माणसं आली होती, सभेत नुसती येऊन बसा म्हणायला. ती आत होती, दार उघडलं नाही. ते बराच वेळ जिन्यात उभे राहिले आणि चपला हळू वाजवत उतरून गेले. बिचाऱ्यांना वाटलं ती झोपली आहे.

माझ्याशीही कागदावरच बोलते. मी बडबडतो, ती मान हलवते. लहानपणी मी एक शब्द बोलायचो तोवर हिची दहा वाक्यं व्हायची. आता सगळी जागा मला मोकळी करून दिली आहे आणि मला काही सुचत नाही.

प्रयोगाला यायचं मात्र तिने ठरवलं आहे. एकटीच येणार, मला नको म्हणते. तुला हे मी कळवलं, हे तिला कळवू नकोस. नाहीतर बोलू लागेल ती आधी मला शिव्या द्यायला! तसं झालं तर सांगून टाक.

तब्येतीला जप. आमच्यावर माया ठेव, आम्ही दोघंही तुझ्याच वयाचे झालो आहोत.
तुझा,
बाबा


२१ सप्टेंबर

चि. टकळीस,
आशीर्वाद, आणि तक्रार.

प्रयोगाला आले होते. तिसरी रांग, डावं टोक, तू सांगितलंस तिथेच. पहिला अंक डोळे भरून पाहिला. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि माझ्यासमोर एक उभं कपाट आलं. त्याच्यामागे कोर्ट होतं म्हणे. मला वकिलाचं अर्धं पोट दिसलं, न्यायाधीशाची एक बाही दिसली. समोर दूरवर उजवीकडे एक दार होतं. तुझ्या दाराचा फ्लॅट तो हाच असणार, असं समजून मी पूर्ण अंक त्या दाराकडे बघत राहिले, पण मध्ये कपाट. एकदा मात्र कपाटाच्या कडेपलीकडे चार बोटं दिसली. साडीचा काठ घट्ट धरलेली. ती तुझी असावीत. तू लहानपणी ताप असला की पांघरूण तसंच धरायचीस.

बाकी सगळं नाट्यगृह तुला पाहत होतं. शेजारचे गृहस्थ पुटपुटले, की आता तरी हिला बोलवा. मागची बाई रडत होती. मी एकटी तिथे अशी बसले होते जिला काही दिसलं नाही. भाडोत्री श्रोता असतो ना सभेत, ट्रकमधून आणलेला, तसं वाटलं.

नंतर मागच्या दाराशी आले. तिथल्या माणसाने विचारलं, कोणाला भेटायचंय. मी पॉज घेतला. तुझे मास्तर खूश झाले असते इतका मोठा. तोंड उघडलं, हवा आली. त्याने पुन्हा विचारलं. मागे फुलं घेतलेली चार माणसं होती. तो म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. मी बाजूला झाले.

तुला आता कळलंच असेल. ऐकू येत नाही म्हणाले ते खरं नव्हतं. फोन वाजतो तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलेली असते. आ आणि ऊ मी एकदा केलं होतं. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. माझ्या घशात दुसरंच कुणीतरी येऊन राहिलं आहे, आणि त्याची ओळख मला कुणाशी करून द्यायची नाही.

तू मात्र बोलत राहा. आपल्या दोघींपैकी एकीने तरी.

आशीर्वादांना आवाज लागत नाही, म्हणून ते भरपूर पाठवते.
तुझी,
आत्या


२७ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी माझी चूक. शाळेतल्या पहिल्या तासाला पहिला नियम शिकवतात, की रंगमंचाची डावी-उजवी नटाची, प्रेक्षकांची नाही. आम्ही तुमच्याकडे तोंड करून उभे असतो, म्हणून माझी डावी ती तुझी उजवी. सुरुवातीला मी यावरून दोनदा न्यायाधीशाला धडकले. आता तो नियम इतका अंगात मुरलाय, की तुला लिहितानाही मी मंचावरूनच लिहिलं. तुझी खुर्ची कुठून मंच बघते, याचा विचारच केला नाही.

आणि ऐक. पूर्ण दुसरा अंक मी तिसऱ्या रांगेतल्या माझ्या डाव्या टोकाला बघत होते. तिथे एक गृहस्थ छत्री कवटाळून झोपले होते. म्हटलं, आत्याने सोबत कुणाला आणलं की काय? ती बाहेर गेली असेल, येईल. पडदा पडेपर्यंत मी त्या छत्रीकडे बघत तुझी वाट पाहिली. मास्तर म्हणाले, आज पहिल्यांदा तू खरंच ऐकत होतीस. मी ऐकत नव्हते गं. मी दाराची चाहूल घेत होते. तुझ्या मागच्या बाईला जे बघून रडू आलं, ते हेच होतं.

म्हणजे आपण दोघी एकाच नाट्यगृहात एकमेकींना शोधत होतो, मध्ये ते कपाट, म्हणजे नुसतं रंगवलेलं कापड. शिंकली असतीस तरी हललं असतं.

दारावरच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, हो, एक बाई आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, बराच वेळ समोरच्या बाकावर बसल्या आणि गेल्या. मी तेव्हा आत तोंडाचा रंग पुसत होते. तुझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, खऱ्या भिंतीच्या.

मी शाळा सोडणार नाही. तो विषय संपला. आता तुझा. तू शिकवलेल्या पद्धतीनेच बोलते, स्टूल माझं लहान आहे.

घोगऱ्या, फुटक्या, गंजलेल्या आवाजाच्या तमाम माणसांनो! तुम्हाला वाटतं सभा तुमच्या आवाजासाठी यायची. ती माणसं जिन्यात उभी राहिली, तेव्हा त्यांनी आवाज मागितला नव्हता. नुसतं येऊन बसा म्हणाली होती. (हो, बाबांनी कळवलं. शिव्या द्यायच्या असतील तर तोंडीच द्याव्या लागतील, असा त्यांचाच नियम आहे.) मला तो दुसरा आवाज चालेल, आत्या. तो माझ्या आत्याच्या घशात राहतो, म्हणजे आमचा भाडेकरूच झाला. त्याची ओळख करून दे.

आमच्या नाटकात साक्षीदाराचा पुकारा शेवटपर्यंत होत नाही, कारण नाटककाराने तसं लिहिलंय. तुझं कुणीही तसं लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी नऊला घंटा वाजेल. तो तुझा पुकारा. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, नुसता श्वास घे. मला आता ऐकता येतं.

माझ्यावर लोभ आहे हे मला ठाऊक आहे. तो कसा वाजतो, तेवढं ऐकायचं आहे.
तुझी,
टकळी

ता. क. फोन उचल.