आवाजाचा पत्ता

२ ऑक्टोबर

आले एकदाची! सैन्यात भरती झाले आणि कामाला लागले दातांच्या दवाखान्यात, हे ताईला सांगेन तेव्हा ती हसून हसून बेजार होईल. डॉक्टर शहर सोडून गेल्यापासून हे तळघर सैन्याकडे आहे. भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारं चित्र, कोपऱ्यात चूळ भरायचं भांडं, मधोमध मागे कलणारी खुर्ची आणि तिच्यासमोर दात कोरायच्या यंत्राऐवजी मायक्रोफोन. वायरमन म्हणाला, बसा बाई, तोंड मोठं उघडा, अजिबात दुखणार नाही. मी म्हटलं, हे तोंड बंद करता करता पोलीस थकले, उघडायला तुमची गरज नाही.

चौकाचौकांत भाषणं करून मी हा आवाज कमावला आहे. ताईनं लहानपणीच माझं नाव भोंगा ठेवलं होतं. इथले प्रमुख, मेजर, म्हणाले, मुख्यालयाचा म्हणून एकच ठाम, ओळखीचा आवाज हवा आहे. ज्यांनी वेढा घातला त्यांनी आधी पाण्याची टाकी फोडली आणि मग पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायका मारल्या. अशांच्या समोर गप्प बसणं हे पाप आहे. बंदूक मला चालवता येत नाही. आवाज आहे, तो दिला.

४ ऑक्टोबर

काम सोपं आहे. मेजर कागद देतात, मी वाचते. कासवानं पुलाकडे सरकावं, बगळ्यानं दारूगोळा मोजावा. ही तुकड्यांची नावं. उत्तर कोणीच देत नाही, कानात नुसती खरखर. मेजर म्हणाले, त्यांना फक्त ऐकायचा हुकूम आहे. शहरावरच्या हवेचेही प्लॉट पाडलेत म्हणे. एक रेडिओ लहर तोफांची, एक ड्रोनची, एक रुग्णवाहिकांची, एक माझी. टेकड्यांवर शत्रूचे कान बसलेत. दोन कानांनी दोन दिशा सांगितल्या की जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथे बोलणारा सापडतो.

मग आपण सापडणार नाही का, असं मी विचारलं. ते हसले. माझा आवाज इथून केबलनं लांब जातो आणि तिथल्या अँटेनातून हवेत सुटतो. तोंड इथे, आवाज तिथे. केवढी अक्कल! मी निर्धास्त झोपले.

६ ऑक्टोबर

ताईकडे जाऊन आले. कौलांच्या कारखान्यामागच्या वस्तीत ती राहते. भावजींचा पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून सगळे शेजारी गेले तरी हे चौघे तिथेच. रात्री बंद भट्टीत झोपतात. मुलांच्या नाकात काजळी. ताई ओरडली, भोंग्या, किती वाळलीस, खातेस की नुसतीच बोलतेस? भावजी म्हणाले, अगं, ही खाताना तरी गप्प असते का! पाय सुटला की निघू म्हणतात. मी माझी पावाची लादी ठेवून आले.

९ ऑक्टोबर

वायरमन सकाळी ट्रकमध्ये अँटेनाचा खांब आणि माझा आवाज सोडणारी स्पीकरची पेटी घालून जातो, संध्याकाळी रिकामा परततो. आज परतला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. फडक्यातून रक्त ठिबकत होतं. कालचा खांब कुठे, असं मी विचारलं. तो म्हणाला, बाई, तुमच्या आवाजाला कुठलंच घर मानवत नाही. हसला आणि चूळ भरायच्या भांड्यात ओकला. पट्टी बांधताना कसाबसा बोलला. उद्या मोठ्या लाँड्रीवर लावायचाय.

लाँड्री चालू आहे. तिथे माणसं काम करतात.

१० ऑक्टोबर

गळा बसला. मेजरांनी सुट्टी दिली. मी सरळ लाँड्रीकडे गेले.

कोपऱ्यावर पोहोचले आणि तोफगोळ्यानं तिचं छप्पर उडालं. चादरी आगीसकट रस्त्यावर आल्या. एका बाईचं धड दारात होतं, हातात अजून इस्त्री. मी धावले. चार-पाच माणसं नुसत्या हातांनी विटा उपसत होती, कारण ढिगाऱ्याखालून एक बाई बोलत होती. शांत, ठाम. कासवानं पुलाकडे सरकावं.

माझा आवाज. आज मी काहीच वाचलं नव्हतं.

एक म्हातारा ओरडून तिला धीर देत होता, बाळ, घाबरू नकोस, आलोच आम्ही. त्याची नखं उचकटून लोंबत होती. मी सांगत होते की खाली कोणी नाही, पेटी आहे, ती मी आहे, पळा. बसलेल्या गळ्यातून घोगरी हवा निघाली. आयुष्यभर गर्दीला हलवलं, आज पाच माणसं हलेनात. म्हाताऱ्यानं मला ढकललं. म्हणाला, वेड लागलंय का, ती जिवंत आहे.

पेटी बोलत होती, म्हणून गोळे पुन्हा आले. मी गटारात पडले होते. उठले तेव्हा म्हाताऱ्याचे हात अजून विटांमध्ये होते. बाकीचा तो नव्हता.

पेटी बोलतच होती.

११ ऑक्टोबर

मेजरांच्या अंगावर गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, खरं मुख्यालय गप्प आहे म्हणून जिवंत आहे. शत्रू तुमचा आवाज ओळखतो, जिथे तुम्ही तिथे मुख्यालय समजतो. तुमच्यावर पडलेला प्रत्येक गोळा तुकडीवर पडायचा वाचला. मी म्हटलं, माझ्यावर नाही, इस्त्री करणाऱ्या बाईवर पडला. ते म्हणाले, युद्धात प्रेक्षक कोणी नसतो, हे तुमचंच भाषण ना? टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

माझंच वाक्य त्यांनी परत केलं. मला!

यापुढे वाचणार नाही म्हटलं. ते म्हणाले, वाचलेलं पुष्कळ साठलंय. यंत्र तुकडे जोडून घेतं. आता तुमची गरज नाही, फक्त बाहेर जाऊ नका.

दाराला बाहेरून कडी.

१२ ऑक्टोबर

वायरमन जेवण देऊन गेला. उद्याची जागा सांगितली. कारखान्याची चिमणी. उंच आहे, लांबवर ऐकू जातं.

चिमणीच्या पायथ्याशी भट्टी. भट्टीत ताई, भावजी, मुलं.

मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, उठा बाई, पाय कसले धरता. खांब तिकडे न नेता या इमारतीच्या गच्चीवर लावतो, केबल इथल्या रेडिओ सेटला जोडतो, म्हणजे गोळे इकडे वळतील, आणि रिकाम्या ट्रकमधून त्या चौघांना नदीपार सोडतो. त्यांना खूण काय सांगू? मी म्हटलं, सांग, भोंग्यानं पाठवलंय.

१३ ऑक्टोबर

गच्चीवर खांब उभा आहे. वायरमननं दाराला आतून लावायला लोखंडी गज दिला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मग मेजरांचा आवाज. मग एक गोळी. ट्रकचं इंजिन तसंच चालू आहे. कोणी ते बंद करत नाही.

ताईला कोणी सांगितलेलं नाही.

कानातल्या खरखरीतून आत्ता एक बाई बोलू लागली. शांत, ठाम. बगळ्यानं दारूगोळा मोजावा. आजची जागा चिमणीच, म्हणजे ही तिथूनच. मेजरांकडे दुसरा खांब होता तर—

मी गज लावला. सेटचं बटण दाबून धरलंय. त्याच लहरीवर. तिच्यावरून बोलतेय, तिच्याहून मोठ्यानं. गळा रक्ताळलाय, पण आवाज फुटतोय. काय बोलायचं ते सुचावं म्हणून इथे लिहिते आणि तेच वाचते. ती दम घेत नाही. मी घेते तेव्हा ती पुढे जाते—

दम घ्यायचा नाही.

टेकडीवरच्यांनो, मुख्यालय इथे आहे. दातांचा दवाखाना. चिमणीवर यंत्र आहे, भट्टीत दोन मुलं आहेत, पाय मोडलेला माणूस आहे, माझी ताई आहे. इथे मी आहे, इथे मेजर आहे, दार फोडतोय तो, ऐका—

दाराची बिजागरी सुटली. गज आहे अजून—

गोळा. नदीकडे पडला. लांब. पण आमच्या बाजूला! चिमणीकडे नाही, आमच्या बाजूला—

दुसरा. छताचा गिलावा पडला, खुर्ची हलली. मेजर पळा पळा ओरडतायत, पावलं जिन्यावर— जाऊ देत. बटण सोडायचं नाही. ती अजून बोलतेय, मी जास्त मोठ्यानं—

बरोबर येताय. रस्त्यावर पडला. आणखी थोडं अलीकडे. ताई, ऐकतेस ना, हे सगळे इकडे— थोडं अलीकडे, डावीकडे, आता फक्त थोडं