ज्वारीत लायसिन कमी असतं

प्रिय साधना,

प्रिय लिहिलं, कारण दुसरा शब्द अजून हाताला येत नाही. राग आहेच, तो पुढे येईल.

मी आता अकोल्याला डाळ मिलमध्ये लागलोय. दिवसभर तुरीची धूळ नाकातोंडात जाते. दुपारी पोत्यांवर बसून डबा उघडला की आत तूच असतेस. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, तिळाची चटणी. इथले मुकादम जानराव रोज विचारतात, बापा, तेच ते काहून खातं? त्यांना काय सांगू? अमरावतीत गृहविज्ञान शिकणाऱ्या एका मुलीनं शिकवलं की ज्वारीत लायसिन कमी असतं, ते तूर भरून काढते. तुरीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी अन् तीळ देतात. सगळं एकाच जेवणात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की शरीर जुळवून घेतं. नऊ अमिनो आम्लं शरीर स्वतः बनवूच शकत नाही, बाहेरूनच यावी लागतात, असं तू बोटं दुमडत मोजायचीस. मी आम्लांपेक्षा बोटांकडे जास्त बघायचो.

मटण सोडलं ते तुझ्या एका वाक्यावर. तू म्हणालीस, बाबांचं बाकी काही नाही, फक्त खाण्याचं आहे. तुमचं घर महानुभाव, रिद्धपूरला जाणारं, अंडंसुद्धा वर्ज्य. मला पटलं. तेव्हा मी पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर पळत होतो. अशानं वाळून जाशील, असं आई म्हणायची, म्हणून तू सोयाबीन, हरभरा, शेंगदाणे असं सगळं आखून दिलंस. वजन उतरलं नाही. तुझं शास्त्र कुठेच चुकलं नाही, तेवढं मान्य.

आमच्या घरात काय झालं ते मात्र तुला कधी बोललो नाही. मटणाचा डाव माझ्या वरणाला लागू नये म्हणून मी बाजारातून वेगळं पातेलं आणलं. आई नुसती त्या पातेल्याकडे बघत राहिली. गावात वेगळ्या भांड्यातून पाणी मिळायचं म्हणून माझ्या आज्यानं गाव सोडलं होतं. त्याच्याच घरात वेगळं भांडं मी माझ्या हातानं आणलं. कोणासाठी, सांग.

कॉलेजात रोहित हसत म्हणाला होता, घासफूस खाऊन जात जात नाही भाऊ. मी त्याचा दात पाडला. प्राचार्य माफी माग म्हणाले, मी कॉलेजच सोडलं. आज वाटतं, खरं बोलणारा तो एकटाच होता अन् मारही त्यानंच खाल्ला.

तुझी सोयरीक मोर्शीच्या अंकुरशी जुळली हे तुझ्या मैत्रिणीनं, मायानं सांगितलं. त्याचा फोटोही तिनंच दाखवला. मागच्या आठवड्यात डाळीच्या ट्रकसोबत अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूरजवळ ढाब्यावर थांबलो तर शेजारच्या खाटेवर तोच, कोंबडीचं हाड चोखत. मला राग नाही आला, आनंद झाला. अमरावतीत उतरून थेट तुमच्या घरी गेलो. तू नव्हतीस. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली अन् म्हणाले, "पोरं बाहेर खातेतच. लगन झालं का सुटते."

मी विचारलं, "अन् मी वर्षभर सोडलं ते?"

"तुयं सोडलं काय अन् खाल्लं काय, आमाले सारखंच."

मी हात उचलला नाही. चप्पल घातली अन् निघालो. तूच सांगितलं होतंस, पोटात गेलं की प्रथिनाचे तुकडे होतात, अन् लायसिन डाळीतून आलं की मटणातून, हे शरीर विचारत नाही. विचारतात ती माणसं.

तुला परत बोलवायला हे लिहीत नाहीये. अंकुरशी लग्न कर नाहीतर नको करूस. त्या दिवसापासून एकच गोष्ट डोकं पोखरते, ती विचारायला बसलो. फक्त खाण्याचं आहे, असं तू म्हणालीस तेव्हा तुला तसंच वाटत होतं, की खरं कारण ठाऊक असून माझं मन राखायला तू खाणं पुढे केलंस? वाटत होतं, तर आपण दोघंही फसलो, अन् मी तुझ्या एका ओळीची वाट बघतो. ठाऊक होतं, तर काहीच पाठवू नकोस. तुझ्या अक्षरात 'हो' वाचायची ताकद माझ्यात नाही.

अजून तुझाच, इलाज नाही म्हणून,
नागसेन